बॉनेटखालची पूजा

प्रा. शरच्चंद्र टिपणीस यांनी एकोणीस वर्षे भिवंडीतल्या मुलांना तर्कशास्त्र शिकवले. त्यांतल्या बहुतेकांनी पुढे माग टाकले, माग विकले आणि सुखाने संसार केले. यावरून तर्कशास्त्राने माणसाचे कायमचे नुकसान होत नाही, एवढे तरी सिद्ध होते. फायदा होतो की नाही, याचा निकाल १९८८ सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठ ते पावणेअकरा या वेळात, धामणकर नाक्याच्या मागच्या एका दुमजली इमारतीच्या अंगणात लागला. तो सरांच्या बाजूने लागला नाही.

आदल्या दिवशी, म्हणजे ऐन दसऱ्याला, त्या अंगणात वाहनांचे लाड चालले होते. तळमजल्यावरचे भाऊ, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आणि निवृत्तीनंतर इतरांच्या आयुष्याची टिपणे ठेवणारे गृहस्थ, यांनी आपल्या स्कूटरला झेंडूचा एवढा हार घातला होता की तिचा दिवा दिसेना. समोरच्या कारखान्यातल्या मागांनासुद्धा हळदकुंकू लागले होते. उघडीबोडकी उभी होती ती एकटी सरांची फियाट. कल्याणच्या एका डॉक्टरांकडून श्रावणात घेतलेली, पिठासारख्या रंगाची, दहा वर्षांची गाडी.

सरांची थोरली बहीण आक्का, पंधरा वर्षांपूर्वी विधवा होऊन भावाकडे राहायला आलेली, ताम्हण घेऊन जिना उतरली. मागून सरांची पत्नी सरला हातात नारळ घेऊन आली. सरांनी दोघींना वाटेतच थांबवले. 'वाहनपूजेची तार्किक चिकित्सा' या विषयावर त्यांनी स्थानिक साप्ताहिकात तीन आठवडे लिहिले होते. चौथा हप्ता त्यांनी अंगणात तोंडी सादर केला.

"यंत्र पेट्रोलवर चालतं आक्का, कुंकवावर नाही. ज्याला हा भेद कळत नाही त्याने बैलगाडी वापरावी. बैल निदान कुंकू चाटून तरी टाकतो."

"अरे, नुसतं एक बोट टेकवू दे."

"एक बोट नाही नि अर्धं बोट नाही. तत्त्वाला बोटं नसतात."

हे वाक्य सरांना स्वतःलाच इतके आवडले की त्यांनी ते मनात टिपून ठेवले. भाऊंनी हाराच्या आडून टाळी वाजवली, ती कौतुकाची होती की कसली हे कळले नाही.  सरलाने आक्काच्या हातातले ताम्हण वर नेले आणि त्यातले कुंकू आपल्या शिवणयंत्राला लावले.

सरला ही फारसे न बोलणारी बाई होती. अठरा वर्षे तिने सरांची पुस्तके लावली, धूळ झटकली, हरवलेली शोधून दिली, आणि एके दिवशी जाहीर केले की हेच काम आता ती परीक्षा देऊन करणार आहे. एकेचाळिसाव्या वर्षी ती ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन बसली. ठाण्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपालाची जागा निघाली. वयाची मर्यादा बेचाळीस होती, आणि सरला पौषात बेचाळीस पूर्ण करणार होती. तेव्हा ही पहिली मुलाखत होती आणि शेवटचीही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकरा वाजता.

"सव्वाआठच्या ठाणे गाडीने जाते," ती म्हणाली होती.

"घरात गाडी असताना एसटीने? लोक काय म्हणतील?" ज्याने लोकांना काय वाटते याची पर्वा करू नये असे तीन हप्ते लिहिले होते, त्यानेच हे विचारले.

पण गावाबाहेरच्या अंजूरफाट्याच्या पलीकडे सरांनी गाडी कधी नेली नव्हती. दसऱ्याच्या रात्री ते अंथरुणावर पडले आणि डोळ्यांसमोरून कापडाच्या गाठी लादलेले ट्रक जाऊ लागले. प्रत्येक ट्रकच्या कपाळाला लिंबूमिरची होती आणि प्रत्येक ट्रक सरांच्या बाजूने येत होता. पहाटे पाचला ते उठले. स्वयंपाकघरात तोच नारळ होता, कालचा, परत आलेला. सरांनी त्याच्याकडे पाहिले. मग एक अनुमान त्यांच्या मनात सिद्ध झाले, आणि सिद्ध होताना त्यात कुठे फट राहू नये याची काळजी त्यांनी घेतली, कारण ते त्यांच्या व्यवसायाचेच काम होते. पूजा म्हणजे श्रद्धेने केलेली कृती. मला श्रद्धा नाही. म्हणून मी जे करीन ती पूजा नव्हे. आणि जी पूजाच नव्हे ती करायला तत्त्वाची हरकत असण्याचे कारण नाही.

हे अनुमान घेऊन ते अनवाणी अंगणात उतरले.

आता प्रश्न पुराव्याचा. गाडीच्या नाकाडावर कुंकू लावावे तर सहा वाजता भाऊ दुधाला बाहेर पडणार. हार घालावा तर प्रश्नच मिटला. सरांनी पूजेतून हळद, कुंकू, अक्षता, फुले हे सगळे एकेक करून वगळले. उरले ते नारळाचे पाणी. ते पारदर्शक असते, वाळते, साक्ष देत नाही. शिवाय ते बाहेर कुठे शिंपडण्याऐवजी बॉनेट उघडून आत, थेट इंजिनालाच वाहिले, तर मागमूस उरत नाही आणि फलप्राप्ती, असलीच तर, मधल्या दलालांवाचून होते. धुण्याच्या दगडावर त्यांनी नारळ फोडला आणि ते पाणी थेंब न सांडता इंजिनाच्या चारी अंगांवर फिरवले. ओठांवर एक मंत्र आला. तो अर्ध्यावर अडेल अशी त्यांची आशा होती. तो अथपासून इतिपर्यंत पाठ निघाला. करवंट्या कारखान्यासमोर हिंडणाऱ्या एका बकरीपुढे टाकल्या. खोबरे तिने खाल्ले आणि करवंट्या ती कुठे घेऊन गेली, याची चौकशी सरांनी केली नाही.

आठ वाजता सरला खाली आली. निळ्या काठांची कडक कांजी केलेली साडी, हातात प्रमाणपत्रांची फाइल. ती पुढच्या आसनावर बसली. सरांनी किल्ली फिरवून सेल्फ मारला.

इंजिन फिरू लागले. खिर्र खिर्र खिर्र खिर्र. फिरले, पण पेटले नाही. माणसाने डोळे मिटावे, नाक वर करावे, तोंड उघडावे, आता शिंकणार म्हणून घरच्यांनी वाट पाहावी, आणि शिंक येऊच नये, तसे काहीतरी. सरांनी थांबून पुन्हा मारला. खिर्र खिर्र खिर्र.

"अजून सव्वाआठची मिळेल," सरला म्हणाली.

"पाच मिनिटं दे."

डॉक्टरांनी गाडीसोबत तिची माहितीपुस्तिका दिली होती. गाडी चालवण्यापूर्वी ती मुखपृष्ठापासून शेवटपर्यंत वाचणारा बहुधा जगातला पहिला मनुष्य शरच्चंद्र टिपणीस असावा. ज्या अर्थी सेल्फ फिरतो, त्या अर्थी बॅटरी शाबूत. ज्या अर्थी काटा अर्ध्यावर, त्या अर्थी पेट्रोल आहे. मग इंजिन पेटायला हवे. पर्वतावर धूर आहे म्हणून तिथे अग्नी आहे, हे उदाहरण सरांनी एकोणीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. इथे अग्नीही नव्हता आणि धूरही नव्हता. शास्त्र काही बोलेना. सरांनी चोक ओढला, सोडला, पुन्हा ओढला. एक नळी सैल करून पेट्रोल येते का पाहिले. पेट्रोल आले. ते सरांच्या सदऱ्यावर आले.

"ओव्हरफ्लो झाली असणार," भाऊ म्हणाले. ते कधी आले ते कुणाला दिसले नव्हते. ते नेहमी असेच येत.

"थांबलं की सुरू होईल," सर म्हणाले.

"होईल, होईल. नाही म्हणजे, काल एक टिकली लावली असतीत तर काही बिघडलं नसतं. आमची स्कूटर बघा. एका किकला."

"भाऊ, तुमची स्कूटर एका किकला सुरू होते ती प्लग नवा आहे म्हणून."

"प्लग नवा आहेच. पण त्याचीसुद्धा पूजा केली ना!"

वरच्या गॅलरीतून आक्का बोलली. तिचा आवाज नाक्यापर्यंत जाई. "मी सांगितलं होतं. पुरुषाचं डोकं असतं तसं. बाईने तरी ऐकू नये ना! गुपचूप एक बोट टेकवायचं. एवढं कुणाला जमत नाही? सरले, तुझंच चुकलं."

सरला मांडीवरच्या फाइलीकडे बघत राहिली. गुपचूप एक बोट टेकवणे कुणाला जमत नाही या प्रश्नाचे उत्तर अंगणात एकाच माणसाकडे होते, आणि तो एअर फिल्टरचे झाकण उघडून त्यात डोके घालून उभा होता.

एवढ्यात समोरच्या कारखान्याची रात्रपाळी सुटली. पाचसहा कामगार, केसांत कापसाची तूस, डोळे लाल, बाहेर आले आणि बंद गाडी पाहून त्यांना एकदम तरतरी आली.

"प्रोफेसरसाब, धक्का मारें?"

"नको, नको, तुम्ही दमला असाल."

"अरे सर, रातभर लूम को धक्का मारा, ये तो खिलौना है. आप दूसरे गियर में डालो!"

गाडी अंगणातून गल्लीत, गल्लीतून नाक्यापर्यंत गेली. नाक्यावर शेअर रिक्षांची रांग उभी होती. तिच्यातल्या प्रत्येक रिक्षावाल्याने एकेक सल्ला दिला. गाडी परत आली. आत सरला बसलेली, सर स्टिअरिंगवर, मागे सहा जण "हैया" म्हणत. आडवाटेने एखाद्या छोट्या संस्थानचा राजा सिंहासनासह परत पाठवावा, तशी ती मिरवणूक होती. इंजिनाने एकदाही हूं म्हटले नाही. कामगार हात झटकून, "मिस्तरी बुलाओ," असे सांगून झोपायला गेले.

मिस्तरी म्हणजे लडकू. खारबावकडचा माणूस, नाक्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मागांच्या मोटारी, ट्रॅक्टर, रिक्षा, जे बंद पडेल ते उघडायचा. आपल्या कामात त्याला घाई नसे, आणि लोकांच्या बोलण्यावर त्याचा भरवसा असे. दुसऱ्या गुणाने त्या सकाळी घात केला. सायकल भिंतीला टेकवून त्याने सरलाकडे पाहून मान लववली आणि सरांना म्हणाला, "मारा सेल्फ."

खिर्र खिर्र खिर्र. लडकूने डोळे मिटून ऐकले.

"बस. बॅटरी चांगली हाय. पेट्रोलचा वास येतोय, म्हंजे पेट्रोल पन हाय." त्याने प्लगची एक वायर उपसली, तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरले. "मारा अजून." ठिणगी पडली नाही. मग कॉइलची, म्हणजे बॅटरीचा करंट मोठा करून देणाऱ्या नळकांड्याची, वायर तशीच धरली. तिथेही नाही.

"करंट न्हाय," लडकू म्हणाला. "काल चालत व्हती?"

"परवा. परवा नीट चालत होती."

"मंग रातीत काय जालं?" लडकूने मान वर करून सरांकडे पाहिले आणि तो एकच प्रश्न विचारला, जो विचारायला माहितीपुस्तिका लागत नाही. "इंजिन धुतलंत का, सर? दसऱ्याला लोक धुतात. कुठं पानी-बिनी लागलंय का?"

घड्याळात सव्वानऊ झाले होते.

सरांना त्या क्षणी सगळे कळले. पाण्याचा थेंब, कॉइलचे डोके, वायरी, ठिणगीने जायच्या वाटेऐवजी ओलाव्यावरून लोखंडात पळून जाणे. माहितीपुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर ते होते आणि त्यांनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली होती. एक शब्द उच्चारायचा होता. पण भाऊ दोन हातांवर उभे होते, आक्का गॅलरीत होती, आणि साप्ताहिकाचे तीन अंक घराघरांत होते.

"नाही," शरच्चंद्र टिपणीस म्हणाले. "इंजिन धुतलेलं नाही."

हे अक्षरशः खरे होते, याचे त्यांना त्याही स्थितीत बारीकसे समाधान वाटले. खोटे बोलण्याची तयारी नसलेल्या सुशिक्षित माणसाने खरे कसे वापरावे, याचे इतके नितळ उदाहरण त्यांच्या वर्गात कधी आले नव्हते.

"भाऊ म्हनतात तसंच हाय तर," लडकू म्हणाला. "सरांनी हातच न्हाय लावला. मंग कॉइल गेली. जुनी गाडी हाय. दुसरी कॉइल आनतो, शेडात न्हाय, नारपोलीला एकाकडं हाय. पान्याचंच वाटलं व्हतं मला, पन सर खोटं कशाला बोलतील?"

तो सायकलवर बसून गेला.

सरला गाडीतून उतरली. "नऊ पंचवीसची एसटी आहे. मी जाते."

इथे सर्वज्ञ माणसाने तिला जाऊ द्यायला हवे होते. बिघाड कॉइलचा नाही, कॉइल आणून काही होणार नाही, हे ठाऊक असलेला तो एकटा होता. पण तिला जाऊ देणे म्हणजे गाडी सुरू होणार नाही हे मला माहीत आहे, असे कबूल करणे. आणि तेच कसे माहीत आहे, हा पुढचा प्रश्न. "लडकू येईलच," ते म्हणाले. "उभ्याने जाशील, साडी चुरगळेल. पाऊण तासात ठाण्यात असू." तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे एवढी खात्री होती, की ती परत आत बसली. ती खात्री वर्गात वापरायची होती. सरांनी ती घरी आणली होती.

लडकू गेला तशी सरांनी एक प्रयत्न केला. बॉनेटमध्ये वाकून, पंच्याने, कुणाचे लक्ष नाही असे पाहून, ते कॉइल पुसू लागले.

"अहो सर, काय पुसताय?" भाऊ.

"धूळ."

"दसऱ्याच्या आधी पुसायची असते."

सरांनी पंचा खिशात कोंबला. नऊ पंचवीस होऊन गेले. पावणेदहा झाले. दहा झाले. सरला दर थोड्या वेळाने घड्याळ बघे, तोंडाने काही म्हणत नसे, आणि प्रत्येक वेळी सरांना वाटे की ती विचारते आहे. भाऊंनी दरम्यान घरून खुर्ची आणली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते मुळापासून हकीकत सांगत होते, आणि प्रत्येक खेपेला तिचे तात्पर्य एकच निघे: पूजा केली नाही, म्हणून गाडी बंद पडली.

सर ऐकत होते. या विधानाचे खंडन करण्याची उभ्या आयुष्यात एवढी पक्की संधी त्यांना मिळाली नव्हती. पूजा न केलेल्या दिवशी गाडी सुरू होत होती. पूजा केली, आणि बंद पडली. कारण पूजाच. प्रत्यक्ष प्रमाण, नारळासकट. तीन हप्ते लिहून जे साधले नाही ते एका वाक्यात साधले असते. फक्त वाक्याचा कर्ता प्रथमपुरुषी एकवचनी होता.

सव्वादहाला लडकू आला. त्याने नवी कॉइल बसवली. आता कॉइलच्या वायरीला निळी, टणक ठिणगी पडली. सरला गाडीतून उतरून बघायला आली. पण प्लगांना अजूनही काही नाही. इंजिन फिरले, पेटले नाही. लडकूने कानामागे खाजवले.

"कॉइल तं बरी. मंग मधी कुठं तरी करंट पलतोय. आता डेल्को तेवढा राह्यला." डेल्को म्हणजे करंट चारी प्लगांना वाटून देणारी, टोपी घातलेली डबी. त्याने तिच्या चिमट्याला हात घातला.

"थांब रे लडकू," आक्का म्हणाली. ती खाली उतरली होती. हातात पाण्याने भरलेला तांब्या, वर नारळ, पदर खोचलेला. "तुझं झालं करून तासभर. आता देवाचं होऊ दे."

"आक्का, एक मिनिट थांबा, हे खोलतो."

"तुझ्या एकेक मिनिटाने साडेदहा वाजले. सरले, पुढे हो. तुझ्या हातून राहिलंय, तूच कर. याच्या अंगावर," तिने इंजिनाकडे बोट केले, "तांब्याभर पाणी घाल, आणि नारळ इथेच फोड. माफी माग. तुझी नोकरी जायची वेळ आलीय, कळतंय का?"

 सरलाने फाइल टपावर ठेवली. इतक्या वर्षांत सरांनी तिला हरलेली पाहिली नव्हती, म्हणून ती हरते तेव्हा कशी दिसते हे त्यांना ठाऊक नव्हते. ती शांतच दिसत होती. तिने हात पुढे केला. "द्या," ती म्हणाली. "माझंच चुकलं असेल."

तिने तांब्या उचलला. तो इंजिनावर वाकू लागला.

"नको!" सर म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. "त्याच्यावर नको. सरला, नको घालू. मी फोडलाय."

"काय फोडलंय?" भाऊंनी खुर्चीतून विचारले.

"नारळ. आज पहाटे. इंजिनावर."

समोरच्या कारखान्यातले माग तेवढे चालू होते. खट खट, खट खट. 

लडकूला प्रथम कंठ फुटला. "पानी कुठं वतलं?"

"सगळीकडे," सर म्हणाले, आणि आता लपवण्यासारखे काही उरले नाही म्हणून पुढे म्हणाले, "जरा मनापासून ओतलं."

लडकूने डेल्कोची टोपी उघडली. आतून ती दमट होती, आणि कडेला चिकट ओघळ होता. त्याने बोट लावून बोट जिभेवर टेकवले. "हां," तो म्हणाला. "शहाळं न्हाय, नारलच." त्याने कोऱ्या कापडाच्या चिंधीने टोपी पुसली, पेट्रोलचा बोळा फिरवला, फुंकर मारली, वायरी कोरड्या केल्या, टोपी बसवली. सगळे मिळून पाच मिनिटे लागली. सरांनी सेल्फ मारला आणि गाडी अशी सुरू झाली जणू तिचे कधी काही म्हणणेच नव्हते.

"सर," लडकू चिंधीने हात पुसत म्हणाला, रागाने नव्हे, "तवाच बोल्ले असते तं नारपोली कशाला गाठली असती मी?"

आपली छीथू होईल अशी सरांची खात्री होती. जाहीर अपमान सोसायला ते मान ताठ करून उभे राहिले, आणि तोही त्यांना मिळाला नाही. आक्काचे डोळे भरून आले होते. "शरू," ती म्हणाली, "देवाने बुद्धी दिली रे तुला," आणि तिने पेट्रोलने माखलेल्या सदऱ्यावरून हात फिरवला. भाऊ उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कोडे सुटल्याचा आनंद होता.

"पण सर, आज? दसरा काल झाला. आज एकादशी. मुहूर्त टळून गेलेला, कुंकू नाही, हार नाही, पाय तरी धुतले होते का? अहो, मग बंद पडणारच! पुढच्या वर्षी मला सांगा, मी करून देतो."

सरांनी तोंड उघडले. त्या विधानात किती दोष आहेत हे त्यांना दिसत होते, आणि ते मोजायचा अधिकार आपण पहाटे पाच वाजता बकरीला खाऊ घातला हेही दिसत होते. त्यांनी बॉनेट लावले. सरला टपावरची फाइल घेऊन आधीच गाडीत बसली होती. पावणेअकरा वाजले होते.

रस्त्यात ट्रक होतेच. ते सरांच्या बाजूने आले नाहीत, नुसते पुढे उभे राहिले. अंजूरफाट्याला दहा मिनिटे, पुढे आणखी. सरला समोर बघत होती. कशेळीच्या पुलावर गाडी चढली तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"लडकूने पाण्याचं विचारलं, तेव्हा किती वाजले होते?"

"सव्वानऊ."

"नऊ पंचवीसची एसटी होती," ती म्हणाली.



महाविद्यालयाच्या पायऱ्या ती चढली तेव्हा बारा वाजायला दहा कमी होते. दारावरचा शिपाई यादी घेऊन उभा होता. "सरला टिपणीस? बाई, दोनदा पुकारलं तुम्हाला. शेवटच्या बाई आत आहेत. विचारून बघतो, सांगता येत नाही." ती दाराशेजारच्या बाकावर टोकाला बसली. सर आवारात थांबले. सूचनाफलकावरच्या सगळ्या सूचना त्यांनी वाचल्या, खो-खोच्या निवडीचीही. शिपाई आत गेला, बाहेर आला. दार उघडले, एक बाई बाहेर पडल्या, सरला आत गेली. दार लागले.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली.

"घेतली ना मुलाखत?"

"घेतली."

"उशिराबद्दल काही म्हणाले?"

"तेच पहिलं विचारलं."

"मग? ट्रॅफिकचं सांगितलंस ना?"

"नाही. झालं ते सांगितलं. नारळापासून." तिने फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "खरं तेवढंच येतं मला. त्याचं दुसरं काही करता येत नाही, तुमच्यासारखं."

 "हसले असतील."

"तिघे हसले. खूप हसले. चौथे हसले नाहीत. ते तुमचे लेख वाचतात, म्हणाले. जपून ठेवलेत."

शेजारून दोन विद्यार्थी गेले. ते लांब गेल्यावर सरांनी विचारले.

"आणि जागेचं?"

"पत्र येईल. पण प्राचार्य म्हणाले, वाचनालय नऊला उघडतं, भिवंडीहून रोज वेळेवर पोचाल का? मी म्हटलं, पोचेन." ती पायऱ्या उतरू लागली. "एसटीने येईन म्हटलं. तेव्हा त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. चांगलं लिहिलं असावं."

सर गाडीचे दार उघडून उभे राहिले. ती गाडीपाशी आली, टपावरून एक झेंडूची पाकळी, कुठून उडून आली कोण जाणे, बोटाने झटकली, आणि तशीच पुढे चालू लागली.

"अगं, इकडे. गाडी इकडे आहे."

"दिसतेय," ती वळून म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर सरांनी त्यावर काहीतरी म्हटले असते. "तुम्ही गाडी घेऊन या. मी स्टँडवर जाते. एकची भिवंडी मिळते का, किती वेळ लागतो, बघून ठेवते. रोजचं होणार आहे."

ती फाटकाबाहेर पडली. सरांनी तिच्यासाठी उघडलेले दार लावून घेतले आणि ते स्टिअरिंगमागे बसले. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. कशेळीच्या अलीकडे त्यांना ती एसटी दिसली. मागच्या खिडकीशी निळे काठ होते, आणि मान खाली होती, म्हणजे ती काहीतरी वाचत होती. रस्ता मोकळा होता. पुढे जायला जागा होती. सर भिवंडीपर्यंत एसटीच्या मागे राहिले, आणि प्रत्येक थांब्यावर ती थांबली की थांबले.